सोपानअण्णांच्या खिशातली हँडलं

माणसं खिशात काय बाळगतात? तंबाखूची डबी, चष्मा, फार तर दातकोरणं. आमचे शेजारी सोपानअण्णा मोटारीच्या दारांची हँडलं बाळगत. बंडीच्या आतल्या खिशात, फडक्यात गुंडाळून. अण्णा चालू लागले की खळखळ आवाज यायचा आणि शिरूरच्या आमच्या गल्लीतली कुत्री आपसूक बाजूला व्हायची. लग्नाच्या पंगतीत बसताना आधी ते गाठोडं काढून मांडीवर ठेवत, मगच द्रोण पुढे ओढत.

अण्णा मूळचे ड्रायव्हर. सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची पांढरी मोटार त्यांच्या हाताखाली होती. साहेबांचा नातू लई द्वाड, चालत्या गाडीत दार उघडायचा. साहेब म्हणाले, "सोपान, आतली हँडलं काढून ठेव." अण्णांनी काढली. दारांची काढली, काचा खालीवर करायचीही काढली, आपल्या बाजूची तेवढी राहू दिली. पुढे नातू पुण्याला शिकायला गेला, त्याचं लग्न झालं, त्याला मिशा आल्या. पण 'आता बसव' असं साहेब काही बोलले नाहीत, म्हणून अण्णांनी ती बसवली नाहीत!

मग पाऊस रुसला. एक वर्ष नाही, सलग. ऊसच नाही तर कारखाना गाळणार काय? बॉयलर थंड झाला, चिमणीवर कबुतरं बसू लागली, आणि सामानाचा लिलाव निघाला तेव्हा अण्णांनी ती मोटार घेतली. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गल्लीत मोटार धुणं त्यांना पाप वाटे. त्यामुळे ती फडक्यानं पुसली जाई आणि कायम मळक्या धोतरासारखी दिसे.

"अण्णा, आता तरी हँडलं बसवा," मी म्हणालो.

"कावून?"

"अहो, माणसाला उतरायला!"

"भाऊ, आतून दार उघडायचं तर डायवर कशाला पायजे? तुमी निस्तं बसायचं. गाडी थांबली की मी येतो. मी उघडलं की तुमी उतरायचं. शोभा असती त्येला."

आणि ती शोभा अण्णा खरोखर करत. गाडीला वळसा घालून यायचे, डावा हात पाठीशी, उजव्यानं दार उघडायचं, मान जराशी झुकवायची आणि म्हणायचं, "या." मागच्या सीटवर गोडेतेलाचा डबा असला तरी त्यालाही "या" म्हणायचे. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

घोळ इतकाच, की अण्णा कधीकधी वळसा घालायलाच विसरत. घाटनांदूरला एका लग्नाला गेलतो. मांडवापाशी गाडी थांबली, अण्णा उतरले, सवयीनं बाहेरून कुलपाची किल्ली फिरवली, आणि समोर कारखान्यातले जुने दोस्त दिसले. झालं! मी मागे कोंडलेला, पुढची सीट ओलांडायचं वय राहिलेलं नाही. चार बोटं उघड्या काचेतून जिलेबीचा वास येतोय, मी हाका मारतोय, आणि वाजंत्रीवाले अजून जोरात वाजवतायत. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, तेव्हा कुठे अण्णांना माझी आठवण आली. वर मलाच म्हणतात, "भाऊ, तुमी हायत कुठं? जेवलात का न्हाई?"

माझं ठीक आहे. मी चिडतो, दोन शिव्या घालतो आणि विसरतो. केसरवहिनी विसरल्या नाहीत.

केसरवहिनी म्हणजे अण्णांची बायको. अण्णांनी नोकरीभर पाहुण्यारावळ्यांसाठी दार उघडलं, पण कारखान्याच्या गाडीत घरच्या माणसाला बसवलं नाही. साहेब बसा म्हणाले तरी नाही. वहिनी माहेरी जायच्या त्या एसटीच्या मागच्या सीटवर, आणि एकदा तर पाण्याच्या टँकरवर. अण्णांनी मोटार घेतली ती कशासाठी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त अण्णा तसं बोलत नव्हते.

मोटार आली त्याच आठवड्यात ते वहिनींना पाटोद्याच्या बाजाराला घेऊन गेले. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, मागे ऐटीत बसल्या. बाजारात गाडी थांबवून अण्णा "आलोच" म्हणाले, किल्ली फिरवली आणि गेले. वैशाखातलं ऊन. वहिनींनी काचेवर बांगड्या वाजवल्या. वाजवत राहिल्या. माणसं जमली, पोरं काचेला नाक लावून बघू लागली, एका केळीवाल्यानं दया येऊन फटीतून एक केळं आत सरकवलं. दोन ठिकाणी चहा पिऊन अण्णा आले तेव्हा वहिनी घामानं निथळत होत्या, केळं तसंच हातात होतं. दार उघडलं तशा त्या उतरल्या. चालत स्टँडवर गेल्या आणि माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून घरी आल्या.

तेव्हापासून त्या मोटारीला वहिनी 'कोंडवाडा' म्हणत. "आतून दार उघडत न्हाई त्या कोंडवाड्यात मी मेले तरी बसायची न्हाई," असं त्यांनी मला, भिंतीला आणि तुळशीला वेगवेगळं सांगितलं होतं. अण्णाही हट्टी. हँडल बसवलं म्हणजे आपली चूक कबूल केली. चार वर्षं नवरा मोटारीनं आणि बायको जीपनं, एकाच बाजाराला. गल्लीला फुकटची करमणूक होती, पण अण्णा रिकामी मागची सीट रोज पुसायचे.

मग वहिनींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. बीडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, "नंतर धक्के नकोत, जीपबीप चालणार नाही." वहिनी म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या. एका डोळ्यानं दिसतंय तेवढं बास हाय."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला हाक मारली. अंगणात गोधडी अंथरलेली, मोटारीची दारं सताड उघडी. फडकं सोडून त्यांनी जुनी हँडलं बसवून बघितली. वर्षानुवर्षं खिशात एकमेकांवर घासून त्यांचे आतले दाते झिजले होते. हँडल नुसतं गरगर फिरे, दार ढिम्म. अण्णा तडक उठले. बंडी चढवून बीडला गेले आणि जुन्या बाजारातून दुसरी हँडलं घेऊन आले.

काम म्हटलं तर सोपं. दारातून दांडीचं टोक बाहेर येतं, त्यावर आधी स्प्रिंगची वाटी घालायची, मग हँडल. वाटी बोटानं दाबून धरायची आणि भोकातून बारीक पिन आरपार सारायची. मी वाटी दाबायची, अण्णांनी पिन सारायची असं ठरलं. माझं बोट घसरलं, स्प्रिंग उसळली आणि पिन उडाली ती थेट अंगणातल्या फुफाट्यात.

"भाऊ! एक बोट दाबता येईना तुमाला?"

"अण्णा, चष्मा लावा आधी!"

आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर रांगत माती चिवडू लागलो. अण्णा पुटपुटत होते, "परवा तारीख हाय. परवा तारीख हाय."

उंबऱ्यातून वहिनी बघत होत्या. एका डोळ्यानं किती दिसलं कोण जाणे. आत गेल्या आणि बाजरी चाळायची चाळणी घेऊन आल्या. अंगणात फतकल मारून बसल्या आणि माती चाळायला लागल्या. सबंध अंगण चाळलं त्या बाईनं. चाळणीत पिन वाजली तशी ती पदराला पुसून त्यांनी अण्णांच्या तळहातावर ठेवली.

तारखेच्या दिवशी वहिनी मोटारीत बसल्या. आधी हँडल फिरवून दार उघडून बघितलं, लावलं, पुन्हा उघडलं. मी पुढे.

दवाखान्यापाशी गाडी थांबली. अण्णा उतरले. किल्ली फिरवली नाही, वळसाही घातला नाही. ठरल्यासारखे सरळ समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन पाठ करून उभे राहिले. डावा हात मात्र पाठीशी गेलाच होता.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"वहिनी, हँडल फिरवा की."

"तुमी गप ऱ्हावा, भावजी."

आणि त्यांनी काचेवर बांगड्या वाजवल्या. हलकेच, एकदाच.

एवढ्या रहदारीत, हॉर्नच्या कल्लोळात. अण्णांनी चहाचा भरला कप तसाच गाड्यावर टाकला आणि सत्तरीतला तो माणूस धोतर सावरत धावत आला. दार उघडलं. धाप लागलेली.

"काय झालं? हँडल चालंना का?"

"चालतंय की."

"मंग?"

वहिनी त्यांचा हात धरून उतरल्या. "काई न्हाई," म्हणाल्या. "ऐकू येतंय का, ते बघितलं."