दाजींची मूठ आणि पाती

आमचे दाजी माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी खांदे बघतात. लग्नानंतर मी बायकोला घेऊन पाया पडायला गेलो, तर तिच्या डोक्यावर हात ठेवूनच म्हणाले, "बावीस. पण वाढंल." तिला वाटलं, वय विचारतायत. तिनं लाजत "चोवीस" सांगितलं.

"तेवढं न्हाई झेपायचं," दाजी म्हणाले.

तर हे पौंड. धनुष्य ओढण्याचे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. फौजेतून सुटून आष्टीकडच्या आमच्या गावात सोसायटीचं गोडाऊन सांभाळायला आले, ते हे याड सोबत घेऊनच. त्यात लागोपाठ दुष्काळ. ऊसच नाही तर खत कोण उचलणार? कारखान्याचं धुराडं थंड, अर्धं गाव परमुलखात ऊस तोडायला, आणि गोडाऊन रिकामं. दाजींनी एका टोकाला कडब्याच्या पेंढ्या रचून निशाण केलं. दुष्काळात कडब्याला बाण मारतो म्हणून गावानं ठेवणीतल्या शिव्या घातल्या, तेव्हा मग फाटक्या पोत्यांचं केलं.

हे धनुष्य सुटं असतं. मधे मूठ, वर-खाली दोन पाती. पातीवर पौंडाचा आकडा असतो, पण तो मधल्या मापाच्या मुठीचा. तीच पाती आखूड मुठीला लावा, धनुष्य जड होतं. लांब मुठीला लावा, हलकं. कुणाला कुठली मूठ आणि कुठली पाती, हे दाजी सोयरीक जुळवल्यासारखं जुळवत बसतात. मग दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. त्यात अर्ध्या पौंडाची सूट नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

आमच्याकडच्या गड्यांचं दुखणं एकच, जड तेच भारी. एकदा सोसायटीचे चेअरमन आले, मागं चार माणसं. म्हणाले, "सगळ्यात जड काढा."

दाजींनी हलकी पाती काढली, तीही लांब मुठीवर. "सायेब, पाती माणूस बघून लावायची आस्ती, खुर्ची बघून न्हाई."

"आमी काय बायका हाव का?"

"न्हाई. बायका वढतेत हे."

चेअरमननी हट्टानं चाळिसाचं ओढलं, आणि पुढचा आठवडाभर सत्काराचे नारळ डाव्या हातानं घेतले.

मग अक्काला लकवा मारला. पाय सुधारला, उजवा हात अडून बसला. भाकरी थापावी तर अक्कानं, असं गावात म्हणायचे. ती आता जावेच्या हातची भाकरी खायची आणि तिला नावंसुद्धा ठेवायची नाही. आम्हाला धास्ती त्याचीच वाटली. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा. अक्का म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. मेला ह्यो हात."

दाजींनी डॉक्टरला विचारून लेकरांची पाती मागवली, सगळ्यात लांब मुठीला चढवली, वरून पाती आवळायचे स्क्रूही सैल केले, म्हणजे ओढायला आणखी हलकं. रोज दुपारी अक्काला गोडाऊनमध्ये आणायचे. बरेच दिवस दोरी जागची हलली नाही. दाजी रोज म्हणायचे, "पातीच जड हाय, तुजा काय दोष न्हाई," आणि स्क्रू आणखी जरा ढिला करायचे.

एका दुपारी मी काट्यापाशी होतो. अक्कानं दात आवळून काटा ओढला. दोरी आली. काटा सहाच्या पुढं काही जाईना.

"धा झाले की," दाजी मागून म्हणाले.

मी वळून बघितलं. ते माझ्याकडं असे बघत होते, की सहा म्हणायची माझी टाप नव्हती.

"किती रं?" अक्कानं मला विचारलं.

"धा," मी म्हणालो.

दाजी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. दारातून दिसत होते, टॉवेल तोंडावर धरून उभे होते.

अक्का हात चोळत बसली होती. हळूच म्हणाली, "सहा-सात आसतील. लबाड बोलले की कान लाल होतेत त्यांचे."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"लई भ्यालेत रं ते. मी बरी झाले म्हणू दे त्यांना." तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून परत काट्यावर ठेवला. "तू धर नीट. ते यायच्या आत खरोखरचे धा वढू."