अंगठ्यावर उभी भिंत

चालत्या पाण्यात नळाची तोटी बदलणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. लोक आधी टाकीखालची मोठी चावी बंद करतात, पाणी ओसरू देतात आणि मग पान्हा उचलतात. भित्री माणसं! मी जुनी तोटी काढतो आणि पाण्याला पत्ता लागायच्या आत नवी बसवतो.

अंगणाच्या भिंतीतला नळ महिनाभर ठिबकत होता. आमच्या हिने बजावलं होतं, "त्याला हात लावलात तर तुमची ती हत्यारांची पेटी भंगारात देईन." धमकी पोकळ नव्हती. मागे मी मोरीतला नळ दुरुस्त केला, तेव्हा आमची मांजर पोहायला शिकली होती. आणि पेटी म्हणजे माझा जीव. चाळीस वर्षं जमवलेले पान्हे, पकडी, डबाभर वायसर!

म्हणून ही स्वयंपाकघरात गेलेली पाहून मी अंगणात सटकलो. पान्ह्याने चार फेरे दिले, तोटी निघाली आणि पाण्याला पत्ता लागला. माझा चष्मा थेट लिंबाच्या झाडावर. नवी तोटी हातातून निसटली ती गटारात. उरला अंगठा, तो भोकात खुपसला. थोड्याच वेळात पाण्याचा जोर ओसरला. माझ्या अंगठ्यापुढे त्याने हात टेकले, असं मी धरून चाललो.

पण आता हलायची सोय नव्हती. हाक मारावी, तर ही बाहेर येणार आणि पेटी जाणार.

अर्ध्या तासाने शेजारचे मास्तर फाटकातून आत आले. "काय आबा, भिंतीला चिकटून उभे?"

"हळू बोला," मी कुजबुजलो. "हात काढला तर अनर्थ होईल."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या जुन्या भेगेकडे. चेहरा पांढराफटक. "केव्हापासून धरून ठेवलीय?"

"झाला अर्धा तास."

"एकट्याने? कमाल आहे तुमची." पिशवी खाली टाकून मास्तरांनी भिंतीला खांदा लावला.

मी खरं सांगणार होतो हो. पण इतक्या कौतुकाने माझ्याकडे माझ्या लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं. शिवाय पेटी.

हळू बोलणं मास्तरांना वर्गातसुद्धा कधी जमलं नाही. त्यांच्या हाकेने शिंपी आला, मग पोस्टमन, मग दूधवाल्या बाई. "पोस्टमन, पोट काय लावताय, पाठ लावा." "बाई, तुम्ही कोपरा सांभाळा." बघता बघता अकरा माणसं भिंतीला लागली. भिंत जेमतेम कमरेएवढी आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटी कुणीतरी गवंड्याला धरून आणलं. तो भिंत ठोकत ठोकत माझ्यापाशी येऊन थांबला.

"ही भिंत पन्नास वर्षं हलायची नाही," तो म्हणाला. "पण आजोबांचा अंगठा नळात कशाला?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दारात ही उभी. हातात चहाचा कप, तोही एकच.

"काढा तो अंगठा," ही म्हणाली. "तुमचा चष्मा उडाला तेव्हाच मी चावी बंद केलीय."

"अगं, मग सांगायचंस की तेव्हाच."

"लग्न झाल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच तासभर एका जागी उभे होतात. मी दोन खोल्या आवरून घेतल्या."

अंगठा साबण लावून निघाला. गटारातली नवी तोटी काढून गवंड्याने दोन मिनिटांत बसवली. पेटी मात्र भंगारात गेली नाही. भिंत धरायला सगळ्यांत आधी धावले म्हणून हिने ती मास्तरांना देऊन टाकली.

परवा सहज मास्तरांच्या अंगणात डोकावलो, तर स्वारी नळाच्या भोकात अंगठा घालून उभी. शेजारी माझी पेटी, उघडी.

"आबा, आमच्या घरात कळू देऊ नका," ते काकुळतीला आले. "तेवढी चावी बंद करा."

केली. येताना मास्तरांच्या पाठीमागून हळूच पेटी उचलली आणि मागच्या दाराने घरी आलो.

चावी बंद झाल्याचं मास्तरांना सांगायला जाणारच आहे. आधी हिच्या नजरेला पडणार नाही अशी पेटी ठेवायला जागा मिळू दे.