एक माणूस, चार प्राध्यापक
सेतुराव रोज सकाळी स्टाफरूममध्ये शिरले की आधी तीन रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करतात. भौतिकशास्त्राच्या तीन जागा मंजूर आहेत, पण भरलेल्या नाहीत. "सरकार नेमील तेव्हां नेमील. तोंवर ह्यांचे तासही मीच घेतों. परवाल्लै!" परवाल्लै म्हणजे तमिळमध्ये 'हरकत नाही'. उठताबसता असं म्हणणारा इतका हरकतखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी पुण्याची. चेन्नईच्या या कॉलेजात कंत्राटावर इंग्रजी शिकवते. सेतुराव तंजावरकडच्या मराठी घरातले. माझं मराठी त्यांना 'पेपरांतलें' वाटतं.

माझ्या पहिल्याच वर्षी तपासणी समिती आली. "बाकीचे प्राध्यापक कुठे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं. सेतुरावांनी एका खुर्चीकडे हात केला. "हे ऑप्टिक्सचे. फार शांत. कधी रजा घेत नाहींत."

समिती हसली नाही. विद्यार्थी वाढले नाहीत तर शाखा बंद, एवढं सांगून जेवायला गेली.

मे महिन्याच्या उन्हात सेतुराव छत्री घेऊन घरोघर हिंडले. बारावी झालेल्या कविताला वडिलांनी गिंडीच्या कारखान्यात चिकटवलं होतं. वडील म्हणाले, "डिग्री घेऊन शेवटी कारखान्यातच यायचं ना, सार?"

"येऊं दे. पण मशीन कां फिरतें तें कळून येऊं दे."

तिची नोकरी सोडवायला वडील तयार होईनात, तेव्हा सेतुरावांनी तासच हलवले. वर्ग सकाळी सातला, कविता दुपारपाळीला. नियमात बसत नाही, असं प्राचार्य म्हणाले.

"नियमाला बसूं दे. आम्ही उभ्यानें शिकतों."

कारखान्यातली आणखी काही पोरं त्या वर्गाला आली. शाखा वाचली.

यंदा कविताला तिरुचीत एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला. एग्मोर स्टेशनवर मीही निरोपाला गेले होते. सेतुराव तिला दम भरत होते, "सुट्टी म्हणून पळून यायचें नाहीं! प्रयोग करायचे!" गाडी हलली तरी दम चालूच. खिडकीबरोबर ते फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.

परत आले ते माझ्या शेजारी बाकावर बसले. त्यांना मूलबाळ नाही. पत्नी गेल्यापासून घरात एकटेच असतात.

"मॅडम, जेवायला याल?" त्यांनी पिशवीतून डबा काढला. "चिंचेचा भात. तिला वाटेंत खायला केला होता. ओरडण्याच्या भरांत द्यायचा राहिला."