वाटी रिकामी जात नाही

माझा माझ्या जिभेवर पूर्ण ताबा आहे. हे वाक्य मी डॉक्टरांसमोर धीरगंभीर आवाजात उच्चारलं, तेव्हा माझ्या कॉलरवर साबुदाणावड्याची चटणी होती. डॉक्टरांनी आधी चटणीकडे पाहिलं, मग माझ्या रिपोर्टकडे. दोन्हींचं हस्ताक्षर एकच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं.

"रघुवीर, शुगर बॉर्डरवर आहे. निदान सकाळचा नाश्ता तरी सुधारा."

नाश्तासुधारणेचं खातं माझ्या बायकोने, मेघनाने, तिथल्या तिथे ताब्यात घेतलं. ती शाळेत गणित शिकवते. उत्तर आल्याशिवाय ती फळा पुसत नाही. आधी मोड आलेले कच्चे मूग आले. ते चावता चावता मला ऑफिसला उशीर होऊ लागला. मग हिरवी स्मूदी आली. दिसायला ती गच्चीवरच्या न धुतलेल्या टाकीसारखी होती. चव तितकी चांगली नव्हती. शेवटी ओट्स आले आणि आमच्या घरात स्थायिक झाले. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगतो: निवडणुकीत पोस्टरं चिकटवायला जी खळ करतात, तिच्यात गाजर किसून घालायचं!

मेघना सकाळी माझ्या आधी निघते. जाताना दारातून बजावायची, "सगळं संपव हं!" मग टेबलावर मी आणि ती वाटी. दोघंही थंड पडत जायचो.

टाकून देता आलं असतं. पण मी गिरणी कामगाराचा मुलगा. अन्न कचऱ्यात टाकताना वडील वरून बघतायत असं वाटतं. तेव्हा मी वाटी उचलली आणि समोरचं दार वाजवलं.

समोर दुर्गाकाकी राहतात. लालबागच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा आम्हाला समोरासमोर घरं मिळाली. धोंडूकाका गेल्या वर्षी गेले आणि मुलगी बेंगळुरूला, त्यामुळे काकी एकट्याच.

"काकी, मेघनाने पाठवलंय तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मेघनान धाडल्यान?" काकी मालवणीत सुरू करतात आणि मालवणीतच संपवतात. मध्ये टॉवर येवो नाहीतर लिफ्ट. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, देवळातला प्रसाद घेतात तशी. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण ओट्स गेले होते!

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात काकी. वाटीत गूळ घातलेला नारळाचा रस आणि त्यात बुडवलेले तांदळाचे घावने!

"अहो काकी, हे कशाला?"

"रिकामा भांडा परत देतत काय रे कोण!"

हा आमच्याकडचा कायदा. चाळ पडली, गॅलऱ्या गेल्या, पण शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. मी कायदा मानणारा नागरिक आहे. मी घावने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ओट्स गेले, शिरा आला. तिसऱ्या दिवशी ओट्स गेले, खोबरं घातलेले गोडे पोहे आले. काकी इतक्या आवडीने ओट्स खातात याचं मला नवल वाटायचं. मग वाटायचं, गिरणीच्या संपात ज्या बाईने दिवस काढले, तिच्यापुढे ओट्सची काय कथा!

इकडे मेघना रोज घासलेली वाटी बघून भारावत होती. "राजा, तुला एवढं आवडेल असं वाटलं नव्हतं रे!" लग्नाला वीस वर्षं झाल्यावर मी राजा झालो, तोही ओट्समुळे. आनंदाच्या भरात तिने वाटी मोठी केली. वाटी मोठी झाली म्हणजे काय झालं, हे गणिताच्या शिक्षिकेला सांगायला हवं होतं. शिरासुद्धा मोठा झाला!

महिन्याभरात माझ्या पँटची हुकं राजीनामे देऊ लागली.

"असं कसं?" मेघना काट्यावरचा आकडा तपासत म्हणाली. "थायरॉइड बघून घेऊ या. आणि ओट्सची वाटी अजून वाढवू."

"अजून नको!" मी किंचाळलो.

रविवारी ती घरी असायची, तेव्हा मी ओट्स खायचो. थोडक्यात, मी आठवड्यातून एकदा डाएटवर होतो. त्या रविवारी मी तिसऱ्या घासाशी झटापट करत असताना बेल वाजली. मेघनाने दार उघडलं.

"गे मेघना, रविवारची वाटी येना नाय ता माका म्हायत हा," काकी म्हणाल्या. "पण आज पीठ जास्त वाटलंय. वाटी दी गो."

"कसली वाटी, काकी?"

मी चमचा तोंडातच ठेवला. ओट्सचा एवढा आधार मला कधी वाटला नव्हता.

"तू रोज धाडतंस ती! बाये, तुझ्या वाटीन माका उठवल्यान. हे गेल्यापासून चूल पेटवूक मनच होय नाय. एकटीक काय रांधायचा? चहा-बटर खाल्लंय की झाला. पण तुझी वाटी रिकामी कशी धाडू? मग पीठ वाटलंय, घावने घातलंय, आणि म्हटलंय एक आपण पण खावया."

मेघनाने वळून माझ्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर डबा खाणाऱ्या मुलाकडे पाहतात तसं. मग ती काकींकडे वळली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"काकी, तुम्ही आमच्याकडेच या ना रोज नाश्त्याला."

"रोज दुसऱ्याच्या घरात जेवूक माका घर नाय काय?" काकींची मान ताठ झाली. "तू आपली वाटी दी."

"देते हं. पाच मिनिटांत."

दार लागलं.

"राजा," मेघना म्हणाली. या वेळी शब्द तोच होता, अर्थ वेगळा.

"वाटी बंद केली तर काकी परत चहा-बटरवर जातील," मी घाईघाईने म्हणालो. हे खरं होतं आणि माझ्या सोयीचंही होतं. असा योग क्वचित येतो.

"बंद कोण करतंय? वाटी जाणार. वाटी जेवढी, तेवढंच परत येणार ना?" ती देवघरात गेली आणि नैवेद्याची चांदीची वाटी घेऊन आली. अंगठ्याएवढी! तिच्यात तिने एक चमचा ओट्स ठेवले. मी ती समोर पोचवली. काकींनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

पाव तासाने बेल वाजली. दारात काकी, दोन्ही हातांत परात. परातीत घावन्यांची चळत आणि शेजारी ती चांदीची वाटी, चटणीने भरलेली.

"वाटी ल्हान इली. तिच्यात चटणीच मावली. आता नुसती चटणी काय चाटतलास? म्हणान घावने."

गणिताची शिक्षिका हरली! पण क्षणभरच.

"काकी, एवढे आम्हाला दोघांना संपणार नाहीत. बसा."

"मी तुका सांगलंय ना, दुसऱ्याच्या घरात..."

"पण घावने तुमचे, चटणी तुमची, परात तुमची. म्हणजे आम्हीच तुमच्याकडे जेवतोय. फक्त टेबल आमचं."

काकींनी हिशेब पडताळून पाहिला. चूक सापडेना. त्या बसल्या. धोंडूकाका गेल्यापासून त्यांना कोणासमोर बसून खाताना मी पहिल्यांदा पाहत होतो. पहिला घास घेताना त्या थोड्या थांबल्या. मेघनाने त्यांच्या ताटात चटणी वाढली.

आता मेघना निघायच्या आधी रोज परात येते. मेघनाच्या सांगण्यावरून काकी मुगाची उसळ करतात, शिजवलेली! माझ्या वाट्याला उसळ आणि दोन घावने. तिसऱ्याकडे हात गेला तर दोन बायका एकदम खाकरतात. असा आवडीचा नाश्ता मला डाएटवर मिळेल असं वाटलं नव्हतं.

परवा मेघनाने विचारलं, "काकी, तुम्हाला ओट्सची आठवण येत असेल ना?"

काकींनी घावन्याचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला. "खरा सांगू? रागवशील."

"नाही हो."

"ते मी खिडकीच्या ग्रिलात कबुतरांका ठेवी होतंय."

आमच्या सोसायटीत कबुतरांना खायला घालायला मनाई आहे, तसा बोर्ड लिफ्टशेजारी आहे. पण काकींनी नियम मोडला असं म्हणता येणार नाही. नंतर मी त्यांच्या ग्रिलात डोकावून पाहिलं. कबुतरांनीही ते खाल्ले नव्हते.