खुनी पंगतीतलाच पाहिजे

अंजनाबाईला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक खराब निघालं तर ते परत करायला ती भिलाईहून दुर्गच्या बाजारात जायची. गळकं मडकं कुंभारापुढे नेऊन ठेवतात, तसं. एकदा मी सोबत होतो. पुस्तकवाला म्हणजे बांबूच्या तट्ट्याच्या सावलीत जुनी मराठी-हिंदी पुस्तकं मांडून बसणारा एक माणूस. त्याच्यापुढे तिनं कादंबरी ठेवली आणि म्हणाली,

"इसका खूनी बदलके दे."

"बाई, मैं बेचनेवाला हूँ. लिखनेवाला दूसरा है."

"बेचते टाइम नही बोला ना तू, के खूनी पाव्हना हय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला समजावून सांगितलं की या पुस्तकातला खुनी शेवटच्या चार पानांत बाहेरगावाहून येतो आणि मीच खून केला म्हणतो. बाईला ते मंजूर नाही. बाकीची गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती आणि त्याला धंदा करायचा होता. त्यानं मुकाट्यानं दुसरं पुस्तक काढून दिलं. अंजनाबाईनं त्याच्यावर बोटानं टिचकी मारली, कानाजवळ धरलं आणि पिशवीत टाकलं.

"टिचकी मारून काय समजते बाई?" मी वाटेत विचारलं.

"काईच नाई. पन त्याले धाक राहाते."

हे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाचं आहे. चिमण्या अर्ध्या, रस्ते अर्धे, माणसं मात्र पुरी आलेली. भंडाऱ्याकडची आमची बरीच घरं मजुरांच्या कॅम्पात एका ओळीनं होती. वर पत्रे, बाजूला तट्ट्याच्या भिंती. मी खलाशी. पाण्यावरचा नाही, लोखंडावरचा. दोरखंड आणि चेनपुली लावून वजनी सामान वर चढवायचं, हे माझं काम. अंजनाबाई रेजा होती, म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन काँक्रीट वाहणारी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, काटक, आणि कोणाला भीक घालणारी नाही.

मी चौथी पास. आमच्या ओळीत माझ्यापेक्षा जास्त शिकलेले दोघं-तिघं होते, पण ते मनातल्या मनात वाचत. त्याचा दुसऱ्याला काय उपयोग? मी मोठ्यानं वाचत असे. अक्षरावर बोट ठेवून वाचत असे. जोडाक्षर आलं की थांबत असे. वजन मोठं असलं की खलाशी थांबतो, दोर पाहतो आणि मग ओढतो. त्याला कोणी अडखळणं म्हणत नाही. माझ्या वाचण्यालाही मी कोणाला तसं म्हणू दिलं नाही.

सुट्टीच्या दुपारी ती आमच्या दारात सूप घेऊन बसायची. माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडायची आणि ऐकायची. तोंडाकडे पाहिलं तर तोंड ऐकू येते, गोष्ट नाही, असं तिचं म्हणणं. हात वर झाला की मी थांबायचं.

हात पुष्कळदा वर व्हायचा. खून झाला आणि कोणावर संशय आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पंगतीत होता काय?" म्हणजे हा माणूस त्या घरात सुरुवातीपासून आहे का, त्यानं तिथं चार घास खाल्लेत का, आपण त्याला वाढताना पाहिलंय का. असला, तरच तो खुनी चालेल. "ज्याले आपन वरन वाढलं, त्यानंच केला म्हनल्यावर पोटात कसं होते. वाटसरून केला तं त्यात काय? वाटसरू त रोजच कोनाले ना कोनाले मारून राहिले."

प्रेमाच्या कादंबरीचेही तिचे कायदे होते. नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन आलं की म्हणायची, "दोन हायत ना? मंग चाल पुढं." नायक बागेत फिरायला लागला की विचारायची, "हा काम काय करते?" त्यांची ताटातूट मात्र तिला हवी असायची, भरपूर हवी असायची. फक्त कारण दमदार पाहिजे. एका कादंबरीत नायिका दोनशे पानं रडते, कारण नायकासोबत तिनं एक बाई पाहिली, आणि ती त्याची बहीण निघते. अंजनाबाईनं सूप खाली ठेवलं. "अवो, इचारायचं ना, कोन हाय म्हनून. एका शब्दानं मिटते ते दुख नोय, खाज हाय."

आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे पुस्तकात आलेला कोणी हरपला नाही पाहिजे. एका वाड्यात मालकाचा खून होतो. पोलीस येतात, खुनी सापडतो, पंगतीतलाच निघतो, पुस्तक संपतं. मी पुस्तक मिटलं तरी ही उठेना.

"कुत्र्याचं काय झालं?"

"कोनतं कुत्रं?"

"मालकाचं होतं ना एक. तिसऱ्या दिवशी भुकून राहिलं होतं. मालक मेल्यावर त्याले भाकर कोनं टाकली?"

मी पानं उलटी चाळून पाहिली. कुत्र्याचं काही नव्हतं. ते पुस्तकही दुर्गला परत गेलं.

ऐकलेलं ती पोटात ठेवत नसे. पाया भरताना बायकांची रांग लागायची आणि घमेल्यासोबत गोष्टही एकीकडून दुसरीकडे जायची. रांगेत आमच्याकडच्या बायका होत्या, छत्तीसगढी होत्या, तेलुगू होत्या. एकदा रांगेच्या या टोकाला कादंबरीतला वकील मेला. त्या टोकाला जाईपर्यंत तो जवळच्या कुरुद गावचा पटवारी, म्हणजे तलाठी, झाला होता. संध्याकाळी दोन माणसं त्याच्या घरी दुखवट्याला जाऊन आली. पटवारी जेवत होता.

एकदा कोणी नागपूरहून जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला. त्यात प्रत्येक लांब गोष्टीच्या शेवटी एक शब्द यायचा, क्रमशः. पुढची दोन टिंबं मी सोडून दिली आणि 'क्रमश' असं वाचलं.

"हा क्रमश कोन?"

"असंन कोनी."

दुसऱ्या गोष्टीत वेगळं गाव, वेगळी माणसं, पण शेवटी तोच. तिसरीतही तोच. अंजनाबाईचा हात वर झाला. "गोविंदा, हा सगळ्याइच्या घरी जाते. काई बोलत नाई, काई करत नाई, अन् हा आला का गोष्ट बंद. मले याच्यावरच शक हाय." पण तिचाच कायदा आडवा आला, कारण क्रमश एकाही पंगतीत नव्हता. चार दिवस ती बेचैन होती. शेवटी हजेरी घेणारा बाबू हसत हसत म्हणाला की क्रमशः म्हणजे बाकीचं पुढच्या अंकात. मी त्याला विचारलं, मग तसंच लिहायला काय झालं होतं? तो हजेरी मांडायला लागला. मी आजही विचारतो.

आता देवाजी मिस्त्रीचं सांगतो. तो भट्टीच्या आत विटा लावायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही, बोलणं कमी. सुट्टीच्या दुपारी तोही आमच्या दाराशी येऊन बसू लागला. मला आधी वाटलं याला गोष्टीची गोडी आहे. पण पुस्तकात आग लागो की खून पडो, त्याचं लक्ष सुपाकडे. माझी बायको वत्सला मला म्हणाली, "तुमाले मेलेला मानूस पुस्तकात दिसते, जिता समोर दिसत नाई काय?"

देवाजीला अंजनाबाईशी पाट लावायचा होता. आमच्यात बाईच्या दुसऱ्या घरोब्याला पाट म्हणतात. विधवेचा पाट लागतो, काडीमोड झालेलीचा लागतो. अंजनाबाई दोन्हीत बसत नव्हती. तिचा नवरा संपत लग्नानंतर काही वर्षांनी एका ठेकेदाराच्या टोळीत बंगालकडे गेला, तो गेलाच. टोळी परत आली, तो आला नाही. कोणी म्हणे आजारी पडला, कोणी म्हणे दुसऱ्या कामावर गेला, कोणी म्हणे दुसरी बाई केली. ही आपली कुंकू लावून घमेलं उचलत राहिली.

जातीतले जाणते लोक तिला म्हणाले, "मेला समज अन् मोकळी हो."

"समजू कशी? पायलं कोनं?"

हे असंच चाललं असतं, पण देवाजीच्या ठेकेदाराचं इथलं काम संपलं. होळी झाली की टोळी ओडिशाकडे दुसऱ्या कामावर निघणार होती. देवाजीनं माझ्यासमोर तिला विचारलं. तो काही नायक नव्हता. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, तू हो म्हन, नाई त नाई म्हन. मी जाऊन राहिलो."

"मले येऊ वाटते," ती म्हणाली. "पन मांगं कोनी उभा हाय का नाई, हेच मायीत नसल्यावर पुढं कशी चालू?"

देवाजीनं टोपी घातली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

होळी झाली आणि टोळी निघायच्या आधीची शेवटची सुट्टी आली. दोघंही आली होती. ती सूप घेऊन, तो नुसता. पुस्तक अर्धं वाचून झालेलं होतं, खून आणि प्रेम दोन्ही असलेलं. त्यात एका चहाच्या व्यापाऱ्याची बायको असते. नवरा आसामकडे जातो आणि बेपत्ता होतो. मग तिच्या दिराचा खून होतो, एक डॉक्टर येतो, त्याचा तिच्यावर जीव बसतो. खुनी चांगला होता, घरातला मुनीम, पंगतीतला. अंजनाबाई खूश होती. पण तिनं तीनदा विचारलं होतं, "अन् नवरा?" मी तीनदा म्हटलं होतं, "येईन पुढं."

शेवटचं पान आलं. त्या बाईचं डॉक्टरशी लग्न झालं, दोघं टेकडीवर उभी राहिली, आणि खाली रेघ मारलेली. नवऱ्याचं नाव नाही. लिहिणारा त्याला साफ विसरला होता.

मी पुढे वाचलं.

मी वाचलं की त्या माणसाला परमुलखात ताप भरला. ठेकेदारानं त्याला छपरीत निजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. जाताना त्यानं घरच्या माणसाचं नाव घेतलं. सोबतच्या लोकांनी त्याला नदीकाठी नेऊन अग्नी दिला. पण त्यांच्यात कोणाला गावाचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून निरोप आला नाही. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं. पुस्तकातला नवरा मोटारीत फिरणारा व्यापारी होता, त्याला ठेकेदार कुठून आला, हे मला वाचताना सुचलं नाही.

सूप थांबलं होतं. अंजनाबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

"गोविंदा."

"हो बाई."

"आज तू एकडावही थांबला नाईस."

"सोपी होती अक्षरं."

वत्सला चुलीपाशी फुंकणी हातात धरून बसली होती, ती फुंकायची राहिली.

"ताप होता तं त्याले पानी देल्लं कोनी?"

"देल्लं."

"कोनं?"

"छपरीत सोबतचा एक मानूस होता. भंडाऱ्याकडचाच."

"म्हंजे मराठीत बोलला असंन त्याच्यासंग."

"मराठीतच बोलला."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं, तांदळाचा दाणाही सांडू न देता. ते पान पुस्तकात नव्हतं असं म्हणणारे पुढे निघाले. मी त्यांना एवढंच सांगतो की मी वाचलं आणि तिनं ऐकलं. त्या पुस्तकात तेवढंच एक पान कामाचं होतं.

ती उठून सरळ नळावर गेली. दुपारचं पाणी आलेलं, बादल्यांची रांग लागलेली. ही सगळ्यांच्या पुढे जाऊन लुगड्यासकट धारेखाली बसली.

"लाइन म आ न दाई," पुढची छत्तीसगढी बाई ओरडली.

"मयतीची आंघोळ हाय. सरका."

आमच्यात मरणाची बातमी कितीही उशिरा कळो, कळल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात. बायका मागं सरल्या.

"कोन गेलं वो?" आमच्या ओळीतल्या एकीनं विचारलं.

"माहा मानूस."

"कधी?"

"मायीत नाई. आता समजलं."

नळाची धार बारीक होती. त्या छत्तीसगढी बाईनं आपली भरलेली बादली उचलली आणि हळूहळू तिच्या डोक्यावरून ओतली. मग दुसरीनं ओतली. वत्सला कोरडं लुगडं घेऊन धावली.

देवाजी आमच्या दाराशीच उभा होता. थोड्या वेळानं टोळीतला एक माणूस त्याला शोधत आला. सामान गाडीत चढवायचं होतं, ठेकेदार बोलावत होता. देवाजीनं त्याला सांगितलं की तुम्ही व्हा पुढं, मी मागून येतो.

"कावून?"

"आमच्या घरी सुतक हाय," देवाजी म्हणाला.