मिशीवरची नोंद

काका आरशासमोर उभे होते. लग्नापासून काकूंनी लावलेला लकडा अखेर फळाला आला होता. आज मिशी उतरणार होती. नवं पातं घ्यायला त्यांनी फळीवरची डबी उघडली. आत पातं नव्हतं, नखाएवढं मातकट पाखरू होतं. ते भुर्रकन उडालं आणि थेट त्यांच्या मिशीवर बसलं.

यात पाखराची काही चूक नाही. गवतातले हे पतंग वाळकी काडी दिसली, की पंख गुंडाळून तिला चिकटून बसतात. आणि काकांची मिशी अगदी तशीच होती, पिवळट आणि राठ.

"अगं, डबीतून काहीतरी उडालं!"

काकू धावत आल्या. माळावर सापडलेला तो पतंग शांत व्हावा म्हणून त्यांनी फ्रिजमध्ये गार केला होता आणि उजेड बरा म्हणून इथे आणून ठेवला होता. पतंगांची पाहणी करणाऱ्या मंडळाने त्यांची प्रत्येक नोंद 'फोटो अस्पष्ट' म्हणून परत पाठवली होती. आज मुदत संपत होती.

"वस्तरा खाली ठेवा! हलू नका!"

"किती वेळ?"

"फोटो नीट येईपर्यंत!"

फोटोत मापही दिसायला हवं होतं, म्हणून शेजारचे शिंपीदादा टेप घेऊन आले.

"वहिनी, मिशीचं माप आजवर कुणी मागितलं नव्हतं. सैल ठेवू की अंगाबरोबर?"

काकांना हसू आलं, आणि हसण्यामागून शिंक.

"दादा, नाक दाबा त्यांचं!"

दादांनी दाबलं. काकूंनी फोटो काढला. मग शिंक सुटली, आणि पतंग खिडकीबाहेर पसार झाला.

'कशावर आढळला?' या प्रश्नाशी काकू अडल्या. 'नवऱ्यावर' हे काही बरं दिसेना. त्यांनी लिहिलं, 'वाळकं गवत', आणि नोंद पाठवून दिली.

काकांनी तोंडाला साबण फासला, तोच मोबाइल वाजला. काकू मोठ्याने वाचू लागल्या, "अभिनंदन! फोटो उत्तम. पतंग नेहमीचाच आहे, नोंद मंजूर. गवत मात्र आमच्यापैकी कुणालाच ओळखता आलं नाही. सोमवारी आम्ही सगळे ते पाहायला येत आहोत. तोवर कृपया कापू नये."

"खरं सांगून टाक की," काका म्हणाले.

"म्हणजे नोंद रद्द व्हायची! काही नको. राहू दे ती मिशी!"

काकांनी साबण पुसला, मिशीला पीळ भरला आणि म्हणाले, "मग रोज थोडं पाणी घालत जा."