सिंगल बेल

किराणा दुकानात माझा हात काजूच्या पुडीकडे जातो आणि त्याच क्षणी पाठीमागून काउंटरवर 'टक' असा आवाज होतो. एकच टक. म्हणजे थांबा. कळंबच्या भर बाजारात, चार ओळखीच्या माणसांदेखत, पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने पुडीवरून हात मागे घ्यावा, अशी त्या आवाजाची अपेक्षा असते. मी तो घेतो. आणि मनातल्या मनात इतका संतापतो, की घरी पोहोचेपर्यंत वाटेत कोण भेटले हेही मला आठवत नाही.

हा आवाज करणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी भानुदासअप्पा. कळंब, भूम, परंडा या रस्त्यांवर एसटीचे कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली. पुढे तिकिटांची यंत्रे आली, तिकिटाला भोक पाडण्याचा लोखंडी चिमटा निरुपयोगी झाला आणि यथावकाश अप्पाही निवृत्त झाले. चिमटा मात्र त्यांच्या खिशात राहिला. एक टक म्हणजे सिंगल बेल, गाडी थांबवा. दोन टक म्हणजे डबल बेल, जाऊ द्या. बँकेतली रांग खोळंबली, लग्नातले सत्कार लांबले, कीर्तनकार विषय सोडून भरकटला, की चिमटा बाहेर येतोच.

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा किराण्याची रक्कम बांधून घेणे आम्हाला भाग पडले. हे मी अप्पांजवळ बोललो, तिथे फसलो.

"सर, एकट्यानं न्हाय जमत," ते म्हणाले. "ड्रायव्हर एकटाच गाडी नेतो व्हय? मागं बेल मारायला कुणीतरी लागतंय."

असा करार झाला. पहिल्या तारखेला दोघांनी मिळून बाजार करायचा. ठरल्यापेक्षा जास्त कोणी घेऊ लागला, तर दुसऱ्याने त्याला अडवायचे. आणि मधेच काही संपले, तर दुकानाची पायरी न चढता एकमेकांच्या घरी वाटी घेऊन जायचे.

करार दुतर्फा होता. अंमल मात्र एकतर्फीच झाला. पत्नी गेल्यापासून अप्पा एकटे, मूलबाळ नाही. अडवावे असे ते काही घेतच नसत. माझ्या पिशवीवर मात्र त्यांची करडी नजर. "तेल एवढं? आंघोळ करता का काय, सर?" बिस्किटांचा पुडा दिसला, की "ह्याला खाली उतरवा, विदाउट तिकीट चढलाय." दुकानदारही सुटत नसे: "शेठ, काटा नीट धरा. हाफ तिकिटाचं फुल करू नका." सगळे दुकान हसे. मी सोडून.

आणि एवढी शिस्त शिकवणारा हा माणूस दर महिनाअखेरीस रिकामी वाटी घेऊन सर्वांत आधी आमच्याच दारात उभा! "ताई, साखर संपली. करारात हाय म्हणून आलो." मग वाटी भरून झाली तरी तासभर ओसरीवर बसून सरकारपासून कोथिंबिरीपर्यंत सगळ्यांचा उद्धार. पहिल्या तारखेला वाटी परत येई, काठोकाठ भरलेली, वर एखाद-दुसरी लवंग.

"बघा," सुनंदा, माझी पत्नी, म्हणे, "मुंग्या लागू नयेत म्हणून अगदी माझ्यासारख्या लवंगा टाकतात. नाहीतर तुम्ही!"

माझा जळफळाट होई. एकट्या जिवाला साखर पुरत नाही, आणि हे मला तेल मोजून देतात!

यंदा येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवणावळीने साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या, आधी हा सगळा जळफळाट बाहेर पडला. भावाच्या शेतात भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळभाजी, आणि आंबील खायला निम्मी गल्ली येते. शिवाय मुलगी येणार होती. सुनंदाने जादा बेसन आणि शेंगदाणे सांगितले. मी गुपचूप दुकानात शिरलो. पिशवी उघडली आणि मागून, टक.

"अप्पा, येळवस आहे."

"येळवस दरसाल येती. पयल्या तारखंला का न्हाय सांगितलं?" टक.

"पोरगी येणार आहे, अप्पा."

टक.

"तुमच्या घरी जेवायला आहे कोण?" मी ओरडलो. "तुम्हाला काय कळणार!"

दुकानदाराचा बेसनाचा हात तसाच थांबला. अप्पांनी चिमटा खिशात ठेवला. "बरोबर हाय, सर," एवढे म्हणून ते पायरी उतरले.

मी रागाने दुप्पट बेसन घेतले. येळवशीला भज्जी उत्तम झाली होती. पण दरवर्षी कडब्याच्या खोपीत सर्वांत आधी मांडी ठोकून "आंबील हाय का ताक?" असे विचारणारा माणूस आला नाही. महिनाअखेर आली, वाटीही आली नाही. माझा राग तसाच होता. फक्त त्याने तोंड माझ्याकडे वळवले होते. तीस वर्षे वर्गात आवाज न चढवणाऱ्या माणसाचा आवाज चढला, तो नेमका कोणावर?

शेवटी सुनंदानेच माझ्या हातात रिकामी वाटी दिली. "जा. करारात आहे."

क्षमेचे एक नीटस वाक्य मी वाटेत जुळवले होते. अप्पांनी दार उघडले आणि ते वाक्य विरून गेले.

"काय?"

"साखर संपली."

"खोटं बोलताव, सर. बाजार माझ्यासमोर झालाय."

"संपली म्हणतो ना!"

"वरडू नका. बसा." त्यांनी चहा टाकला. मी घोट घेतला. साखरेचा पत्ता नव्हता.

"अप्पा, साखर राहिली."

"म्या न्हाय घेत. डॉक्टरनं बंद केली, लई दिवस झाले. घरात ठेवतच न्हाय..."

आणि ते एकदम थांबले. चोरी पकडली जावी तसे भिंतीकडे पाहू लागले. मीही कपातच पाहत राहिलो. म्हणजे त्या लवंगा सुनंदाच्याच डब्यातल्या होत्या. आमचीच साखर दर महिन्याला इथे मुक्कामाला येत होती आणि परत जात होती.

"मग माझ्या वाटीचं काय?" मी विचारले. "करार आहे."

"घरात न्हाय तर देऊ कुठनं?"

"शेजारी मागा. सुनंदा घरीच आहे. तिच्याकडून आणा आणि मला द्या."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. "लई बिनडोक हाय तुम्ही, सर," ते म्हणाले, आणि फळीवरची आपली वाटी काढून हातात घेतली.

दाराशी येऊन मी चपला घालेपर्यंत ते खोळंबले. मग त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि चौकटीवर वाजवला.

टक-टक.